लाईन बंद आहे, चढ

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "मधूबाब, आपल्या भागात वीज कशी आली त्यावर काहीतरी लिहा. गमतीजमती हव्यात. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणून बसलो. वीजखात्यात लाईनमन म्हणून उभी हयात गेली, पेडण्यापासून डिचोलीपर्यंत खांब चढलो, गमतींना काय तोटा? पण लिहायच्या आधी एक जागा पाहून यावी म्हणून ओझरवाड्यावर गेलो, आणि सगळंच फिसकटलं. त्यामुळे गमती दोनच सांगतो. तिसरी गोष्ट गमतीची नाही.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण लोकांना वाटतं लाईनमन वीज देतो. खोटं आहे. वीज देणं कुणालाही जमतं, दांडा वर केला की झालं. लाईनमनचा खरा धंदा वीज बंद करण्याचा. ती बंद करायची, आपण तारेला हात लावून असू तोवर ती बंदच राहील याची खात्री करायची, आणि मग खालच्या माणसाने वरच्याला सांगायचं, "लाईन बंद आहे, चढ." वरचा माणूस त्या चार शब्दांवर चढतो. तार उघडी असते, जिवंत तार आणि मेलेली तार दिसायला सारखीच. ज्याने हे शब्द उच्चारले त्याच्या तोंडावर दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो. बाकी पक्कड, कमरपट्टा, शिडी हे सगळं दुकानात मिळतं.

आता गमती. पेडण्याकडच्या एका गावात लाईन सरळ न्यायची होती आणि मधे एक पोफळीचं कुळागर आलं. मालक म्हणाला, खांब कुठेही पुरा, पण या पायवाटेवर नको, राखणदार इथून फिरतो. राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देवचार, हातात दांडा, पायात वहाणा. आमच्याकडे त्याला वर्षाला रोट आणि विडी देतात. साहेब नवीन होते, घाटावरचे. ते म्हणाले, असल्या गोष्टींसाठी लाईन वाकवायची नाही. दुसऱ्या दिवशी खड्डे खणायला एकही गडी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी साहेबांनी नकाशा काढला आणि स्वतःच्या हाताने लाईनला वाक दिला. तो वाक आजही आहे. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'जमीन भुसभुशीत'.

दुसरा एक गिऱ्हाईक होता, त्याची तक्रार अशी की शेजाऱ्याचा बल्ब लख्ख पेटतो आणि माझा आजारी. "त्याका दिता तो करंट माका दी," हे त्याने मला चार वेळा सेक्शनवर येऊन सांगितलं. शेवटी मी त्याच्या घरी गेलो. बल्ब चुलीवर टांगलेला, धुराने काळाकुट्ट झालेला. मी त्याच्याच खांद्यावरचा टॉवेल घेऊन बल्ब पुसला. उजेड पडला, घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. हा बाबा म्हणाला, "बघलं? तक्रार केल्याबगर खात्याचे लोक हलनात."

झाल्या गमती. आता ओझरवाडा.

कारापूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत हा वाडा. नकाशात या नावाने शोधू नका, सापडणार नाही. अकरा घरं, एक देऊळ, आणि देवळापासून पाच मिनिटांवर ओहळाकाठी गुणोआबाची पाणचक्की. गोवा मुक्तीनंतर दहा-बारा वर्षांनी आम्ही तिथे खांब घेऊन गेलो तेव्हा वाड्यावर आधीच वीज होती. मी तोवर असं पाहिलं नव्हतं. ओहळाला वर दगडी बांध, तिथून डोंगराच्या पोटाने आणलेला पाट, पाटाच्या तोंडाशी एक फळी. फळी उचलली की पाणी लाकडी चाकावर पडायचं आणि चाक फिरायचं. दिवसभर त्या चाकावर जातं चालायचं, नाचणी आणि तांदूळ दळले जायचे. दिवेलागणीला गुणोआबा जात्यावरचा पट्टा काढून एका जुन्या डायनामोवर चढवायचा. तो डायनामो त्याने पोर्तुगीज काळात बंद पडलेल्या एका खाणीवरून भंगारात आणला होता. कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणायचा, "उदकान शिकयलें."

घराला एक बल्ब. चक्कीतही एक बल्ब, आणि त्याच्याकडे बघत आबा फळी वरखाली करायचा. बल्ब लाल झाला की फळी दोन बोटं वर, पांढराफटक झाला की खाली. कुणाच्या घरी पाहुणे आले आणि त्यांनी बाहेरच्या खोलीत जास्तीचा बल्ब लावला की सगळ्या वाड्याचे बल्ब लालसर व्हायचे. मग आबा पाटाच्या कडेने चालत यायचा आणि त्या घराच्या जनेलातून आत डोकावून विचारायचा, "कोण आयलां?" त्यात राग नसायचा. पाहुण्यांची चौकशी करून, चहा घेऊन तो परत जायचा आणि फळी वर करायचा.

माणूस काटकुळा, गुडघ्यापर्यंत पंचा, कानात बिडी. बायको वारलेली, मूलबाळ नाही. वाड्यावर त्याला एक मान होता. श्रावणात देवळात भजनी सप्ताह असतो. समई पेटली की भजन सुरू होतं आणि मग ते थांबत नाही. घराघराच्या पाळ्या लागतात, पाऊस असो, काही असो, निदान दोन माणसं टाळ वाजवत उभी पाहिजेत, आणि पाळीतल्या माणसाने तोंडातलं नाव सोडून दुसरा शब्द बोलायचा नाही. ही सप्ताहाची समई गुणोआबाने पेटवायची. उजेड देणारा तो, म्हणून.

आम्ही खांब घेऊन गेलो तेव्हा मला वाटलं होतं हा म्हातारा भांडणार. उलट तो पहार घेऊन खड्डे खणायला आला. आमच्यासाठी पदेराकडचे पांव आणून ठेवायचा. लाईन चार्ज केली त्या संध्याकाळी घराघरात चार-चार बल्ब पेटले, आणि आबा रस्त्यात उभा राहून बघत होता. म्हणाला, "बरें जालें. आतां पावणे मोजपाचें काम ना." दुसऱ्या दिवसापासून तो एकेका घरावरची आपली तार काढून गुंडाळायला लागला.

खात्याचा नियम साफ होता. गावात आपली लाईन आली की खासगी लाईन मुळापासून काढायची. कारण साधं आहे. आपण ट्रान्सफॉर्मरवर वीज बंद केली आणि दुसऱ्या टोकाकडून कुणी आपली वीज त्याच तारेत सोडली, तर मेलेली तार जिवंत होते, आणि वर चढलेल्या माणसाला ते कळत नाही. हे तपासायचं काम माझं होतं. दहा घरांच्या तारा निघाल्या, अकरावी त्याच्या स्वतःच्या घराचीही निघाली. राहिली देवळाची. आबा माझ्याजवळ आला. हात जोडले नाहीत, रडला नाही, नुसतं म्हणाला, "बाब, गांवाक तुजी लायट दी. पुण सप्त्यांत तुजी गेली जाल्यार देवा मुखार म्हज्या उदकाची वात आसूं दी. तितलेंच माग्तां."

मी वितळलो. खरं सांगायचं तर मला ते चाक आवडलं होतं. बत्तीस वर्षांत मी खात्याचे पुष्कळ नियम वाकवले, पण ते राखणदारासाठी, गाईच्या गोठ्यासाठी. हा नियम वाकवायचा नव्हता, आणि मला ते माहीत होतं. अशा ठिकाणी चेंजओव्हर म्हणून एक स्विच लागतो. तो एका वेळी एकच वीज आत घेतो. स्टोअरमध्ये तो नव्हता. मी म्हटलं, आला की बसवतो. तोवर मी एक पद्धत ठरवून दिली.

देवळाच्या बोर्डावर खात्याची वीज आत येते तिथे चिनी मातीचा फ्यूज असतो, मूठभर आकाराचा, ओढला की निघतो. आम्ही त्याला किटकॅट म्हणतो. मी आबाला सांगितलं, "तुमची वीज सोडायची असेल तेव्हा आधी हे काढायचं. काढून देवळात ठेवायचं नाही. खिशात घालून चक्कीवर न्यायचं, आणि फळीजवळच्या भिंतीत खिळा मारलाय त्यावर टांगायचं. खिळ्यावर किटकॅट दिसल्याशिवाय फळीला हात लावायचा नाही. परतताना फळी आधी टाकायची, मग किटकॅट उचलायचं." म्हाताऱ्याने ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. पहिल्याच दिवशी त्याच्या हातून ते पायरीवर पडलं आणि कोपऱ्याचा टवका उडाला. मी ओरडलो. त्याने त्याला सुंभाची दोरी बांधली आणि म्हणाला, "आतां पडचें ना."

चेंजओव्हर काही आला नाही. दोन पावसाळे गेले. मी मागितलाही नाही, मागितला तर कशाला हवा ते लिहावं लागलं असतं.

तिसऱ्या वर्षी, सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. माझ्याबरोबर सदा होता. सदा दोडामार्गकडचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान, खांबावर असा चढायचा की खाली उभं राहून आम्हीच बघत राहायचो. देवळाच्या पुढे ओहळाच्या दिशेने फणसाची फांदी लाईनवर कोसळली होती आणि तारा तुटल्या होत्या. चार वाजले असतील, आभाळ भरून अंधारल्यासारखं झालेलं. मी ट्रान्सफॉर्मर बंद केला आणि आम्ही देवळापाशी आलो. सदा पुढे खांबाकडे गेला, मी बोर्ड बघायला आत गेलो.

किटकॅटची जागा रिकामी होती.

देवळात दोनच माणसं. पावसामुळे बाकीची गुरं बांधायला घरी गेलेली. समईच्या उजेडात ते दोघे टाळ वाजवत उभे होते. मी मोठ्याने विचारलं, "फ्यूज कोणी काढला?" पाळीतली माणसं, ती बोलणार कशी? त्यातल्या एकाने डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं, टाळासकट हात उचलून ओहळाच्या बाजूला दाखवला, आणि परत डोळे मिटले. तो मला सांगत होता की आबा चक्कीवर गेलाय. पडलेली फांदीही त्याच बाजूला होती. मला वाटलं, तिकडे तार तुटली आहे असं सांगतोय. मी म्हटलं, ठाऊक आहे रे बाबा.

आणि पोरं किटकॅट पळवायची, चिनी मातीचं म्हणून खेळायला न्यायची. आठवड्यात एक तरी जायचं. वायरमनच्या हाताला रिकामी जागा सहन होत नाही. झोळीत नवं किटकॅट होतं, ते काढलं आणि बसवलं. म्हटलं, आपण लाईन चालू केली की देवळात लगेच उजेड होईल. ती पद्धत माझी, तो खिळा मी मारलेला, आणि त्या घडीला ते माझ्या डोक्यात आलं नाही. कसं आलं नाही, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय.

बाहेर आलो. सदा खांबाखाली पट्टा आवळत होता.

"मधू, बंद आसा मां?"

"लाईन बंद आहे, चढ."

तो चढला. वर जाऊन त्याने टेस्ट दिवा लावून पाहिला, तार मेलेली होती. खरंच मेलेली होती. तारांना साखळी टाकून मग काम करायचं असा आणखी एक नियम आहे, म्हणजे वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जाते. साखळी झोळीतच राहिली. पाच मिनिटांचं काम, भिजतोय माणूस, कशाला. मी खालून दोर देत होतो. तेवढ्यात पाटातून पाणी सुटल्याचा आवाज आला. तो आवाज मी ऐकला, आणि पावसाचा समजलो.

चाकाला वेग यायला थोडा वेळ लागतो. तारा पुढे तुटलेल्या, त्यामुळे चक्कीची सगळी वीज देवळातून उलटी येऊन त्या एका तुकड्यात साठली. सदा वर एकदम गप्प झाला. मी हाक मारली. त्याचा उजवा हात तारेला चिकटलेला आणि अंग पट्ट्यात लटकलेलं. तेव्हा मला सगळं एका क्षणात आठवलं. मी देवळाकडे धावलो. दोनशे पावलं असतील. चिखलात दोनदा पडलो. आत जाऊन मीच बसवलेलं किटकॅट मीच ओढून काढलं. भजन चालू होतं.

सदा जगला. म्हापशाच्या हॉस्पिटलात त्याचा उजवा हात कोपराच्या वरून काढला.

चौकशी देवळाच्या मंडपातच झाली. साहेब खुर्चीवर, आम्ही उभे, वाडा सगळा मागे. मला कायम करण्याची ऑर्डर त्याच महिन्यात निघायची होती, घरी दुसरं मूल पाळण्यात होतं. हे कारण म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतो. साहेबांनी आबाला विचारलं, "ही लाईन कुणी ठेवली?"

"म्हजी. हांवेंच दवरली."

"चक्की चालू करण्याआधी फ्यूज काढला होता का?"

आबाने एकदा माझ्याकडे पाहिलं. आरडाओरडा ऐकून तो धावत आला होता तेव्हा माझ्या हातातलं नवं किटकॅट त्याने पाहिलं होतं. टवका नसलेलं, दोरी नसलेलं. त्याला न कळायला तो काही मूर्ख नव्हता.

"काडूंक विसरलों," तो म्हणाला.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही देवळात धावलात तेव्हा फ्यूज जागेवर होता?"

"होता, साहेब."

यातला प्रत्येक शब्द खरा आहे. एवढं खरं बोलून एवढं खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मागून कुणीतरी आबाला शिवी दिली. टाळ उचलून हात दाखवणारा तो माणूसही गर्दीत होता; त्याला कुणी काही विचारलं नाही आणि मीही सुचवलं नाही. आबाने कागदावर अंगठा दिला. मी सही केली.

चक्की बंद झाली. वाड्याने पुढच्या वर्षापासून समईचा मान आबाकडून काढला. ज्याच्या हातून असं घडलं त्याने देवापुढे दिवा लावू नये, असं ठरलं. मी बदली मागून पेडण्याला गेलो. दोनेक वर्षांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आबा भेटला, केळी घेऊन बसलेला. मी तोंड उघडायच्या आत त्यानेच विचारलं, "त्या सदाचें कशें चल्तां? दावो हात वळता मरे?" मी म्हटलं, हो, डाव्या हाताने सगळं जमतं त्याला. त्याने मला चार केळी बांधून दिली. पुढे तो वारला, तेही मला सहा महिन्यांनी कळलं.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं या माणसाला झोप कशी आली? सांगतो. मी एक शंका पाळली होती. ती अशी, की रिकामी जागा दिसली म्हणजे आबानेच काढलं असेल कशावरून? पोरांनी नेलं असेल. आबा किटकॅट न काढता, न बघता तसाच चक्कीवर गेला असेल. म्हणजे तो म्हणाला तेच खरं, विसरला. म्हणजे निम्मी चूक त्याचीही. या शंकेला मी चांगलं खाऊपिऊ घातलं. रिटायर झालो तोवर ती माझ्यापुरती खरीच झाली होती.

या अंकासाठी लिहायचं म्हणून आषाढात उघडीप बघून मी ओझरवाड्याच्या ओहळाला गेलो. पाट शोधायलाच वेळ लागला. तो मातीने भरलाय, त्यात रानकेळी उगवल्यात. चक्कीचं छप्पर बसलंय, चिऱ्यांच्या तीन भिंती उभ्या आहेत, चौथीतून वडाची मुळं आत आलीत. चाक नाही. त्याचा लोखंडी दांडा तेवढा आडवा पडलाय, बहुतेक भंगारवाल्यांना उचलला नाही. डायनामो कधीच गेलेला. जात्याची खालची तळी जागेवर आहे, तिच्यात पाणी साचून बेडूक बसले होते. मी काठीने रान बाजूला सारत फळीच्या जागेपर्यंत गेलो. फळी नव्हती, तिच्या खाचा होत्या.

बाजूच्या भिंतीवर शेवाळ जाड झालेलं. खिळा आहे का बघावं म्हणून मी हात फिरवला. खिळा लागला, गंजून काडीएवढा राहिलेला. त्याखाली काहीतरी गुळगुळीत हाताला आलं. शेवाळाने भिंतीला धरून ठेवलेलं. मी ते खरवडून काढलं. चिनी माती गंजत नाही. सुंभ कुजून गेलेला, एक काळी गाठ उरलेली. आणि कोपऱ्याचा टवका उडालेला.

मी तिथेच दगडावर बसलो. रडलो म्हणायला लाज नाही. म्हाताऱ्याने सांगितलं तसंच केलं होतं. आधी किटकॅट काढलं, चक्कीवर आणलं, खिळ्यावर टांगलं, आणि मग फळी उचलली. त्याने एकही पायरी चुकवली नव्हती. पुरावा भिंतीवर टांगलेला असताना तो मंडपात उभा राहून विसरलो म्हणाला, आणि चक्कीवर परत येऊन त्याने ते खिळ्यावरून काढलंही नाही. का, ते मला थोडंफार कळतं. मी त्याची वात राखली होती. त्याने माझं घर राखलं. फक्त माझ्या चुकीचं ओझं सदाने आणि आबाने वाटून घेतलं, माझ्या वाट्याला काही आलं नाही.

सदाचं कारापुरात रस्त्याला छोटं दुकान आहे. खात्याने त्याला फोनवर बसवला होता, तिथूनच तो रिटायर झाला. वर्षातून दोनदा तरी मी त्याच्याकडे जातो, तो मला बस म्हणतो, चहा मागवतो, आणि कधीतरी विषय निघाला की म्हणतो, "त्या म्हाताऱ्यान माझो हात खाल्ल्यान." मी मान हलवत आलो. या वेळी मी किटकॅट त्याच्या गल्ल्यावर ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मधे एक बाई साबण घ्यायला आली. सदाने साबण दिला, डाव्या हाताने सुटे पैसे मोजून दिले, आणि परत माझ्याकडे बघितलं. मी राहिलेलं सांगितलं.

त्याने किटकॅट उचलून टवका अंगठ्याने चाचपला.

"म्हणजे म्हाताऱ्यान लाईन बंद केल्यान होती," तो म्हणाला. "चालू केलंस तो तू."

"हो."

"आणि माका चढ म्हणालंस."

"हो."

त्याने गल्ला बंद केला. मग किटकॅट माझ्याकडे सरकवलं. "ह्या माका देऊ नको. माझो हात काय येवचो नाय. म्हाताऱ्याचो मान गेलो, तो वाड्यार जाऊन परत कर. समई पेटवच्या आधी सांग, मागसून कोण बोलूचो नाय." त्या दिवशी त्याने चहा मागवला नाही. त्यानंतर मी दोनदा गेलो. तो गिऱ्हाइकाशी बोलतो तसा बोलतो, बस म्हणत नाही.

श्रावणात सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मी ओझरवाड्यावर गेलो. देऊळ नवं झालंय, फरशी, पंखे, कोपऱ्यात इन्व्हर्टर. समईभोवती तीस-चाळीस माणसं. मी अध्यक्षांना म्हटलं, पेटवायच्या आधी मला दोन मिनिटं बोलायचंय. चांगले लोक, त्यांनी माईक दिला. मी सगळं सांगितलं, जसं इथे सांगितलं तसं. किटकॅट उंच धरून दाखवलं. म्हटलं, गुणोआबा निर्दोष होता, समईचा मान त्याचा होता, माझ्यामुळे गेला.

लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं आता कुणी उठेल, मला बोलेल, हाकलून देईल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. अध्यक्ष बाजूच्या माणसाकडे झुकले, तो त्याच्या बाजूच्याकडे. मग पुढच्या रांगेतल्या एका चाळिशीच्या माणसाने, अगदी आदराने विचारलं, "काका, कोण तो गुणोआबा?"

मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओळखीचं एकही नव्हतं. जुनी माणसं गेली, काही साखळी, म्हापसा अशा गावांत राहायला गेली. चक्कीबद्दल विचारलं तर एकजण म्हणाला, वर ओहळाकडे काहीतरी भिंती आहेत खऱ्या, पोर्तुगिजांच्या काळातल्या. समईचा मान अमुक एका माणसाचा होता, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. आता ती अध्यक्ष पेटवतात. मी जो मान परत द्यायला गेलो होतो तो घ्यायला तिथे कुणी नव्हतं, आणि द्यायलाही. अध्यक्षांनी माझा हात धरून मला बसवलं, खिशातून लायटर काढला आणि समई पेटवली. भजन सुरू झालं.

मी मागच्या दाराने निघून पाटाच्या कडेने चक्कीवर गेलो. जुना खिळा भार घेईना, म्हणून सोबत नेलेला पितळी खिळा त्याच भोकाशेजारी ठोकला. किटकॅटला नवी सुंभाची दोरी बांधून त्यावर टांगलं. खालून टाळांचा आवाज येत होता.

वाचकांपैकी कुणी तिकडे फिरायला गेलंच तर भिंतीवरच्या त्या वस्तूला हात लावू नका. ती गुणोआबाची आहे. त्याने लाईन बंद केली आहे.